चाल बर्लीची, नाव रेक्टरचं

मी राहते त्या गावातल्या एपिस्कोपल चर्चमध्ये रविवारी दारातच एक छापील पत्रक हातात देतात. त्या दिवशीची सगळी उपासना त्यात क्रमाने दिलेली असते: कधी उभं राहायचं, कधी बसायचं, गीतपुस्तकातलं कितवं गीत म्हणायचं. मी ख्रिस्ती नाही. पण माझी एक मैत्रीण तिथल्या कॉयरमध्ये गाते, आणि मला ऑर्गन ऐकायला आवडतो, म्हणून वर्षातून तीन-चारदा जाणं होतं. प्रवचन लांबलं की मी पत्रकाचं शेवटचं पान वाचते. (मंडळाच्या गणपतीतही स्मरणिकेतली कार्यकारिणीची यादीच मी आधी वाचते. सवय जुनी आहे.)

त्या शेवटच्या पानावर नावांची उतरंड असते. सगळ्यात वर रेक्टर, म्हणजे मुख्य धर्मगुरू. मग सहायक धर्मगुरू. मग ऑर्गनिस्ट आणि कॉयरमास्टर, हे बहुधा एकाच व्यक्तीचं पद. मग व्हेस्ट्री, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत विश्वस्त मंडळ. त्या रविवारी एका बाईंनी एकटीने चार-पाच मिनिटं गायलं आणि अख्खं चर्च गप्प झालं. त्यांचं नाव मी शोधलं. नव्हतं.

मग शेवटचं गीत आलं. गीतपुस्तकातलं ५२९ क्रमांकाचं, 'इन क्राइस्ट देअर इज नो ईस्ट ऑर वेस्ट'. पूर्व नाही, पश्चिम नाही, सगळे एक, असा त्याचा भाव. पत्रकात गीताच्या नावापुढे चालीचं नाव छापलं होतं: 'मकी'. बाहेर कॉफी घेताना मैत्रिणीला विचारलं, "हा मकी कोण?" ती म्हणाली, "असेल कुणीतरी संगीतकार."

मकी संगीतकार नव्हता. तो न्यूयॉर्कच्या एका चर्चचा रेक्टर होता. चाल बांधणारा माणूस वेगळाच होता आणि तो त्याच चर्चमध्ये ५२ वर्षं गायला. पॉडकास्टच्या या पर्वात आपण 'परक्या घरातलं आपलं गाणं' या विषयाभोवती फिरतोय, म्हणून ही चाल आज जरा नीट ऐकू या. तिच्याबद्दल एक गोड गोष्ट नेहमी सांगितली जाते. मला ती गोष्ट चुकीच्या टोकाने सांगितली जाते असं वाटतं.

चर्चमधलं गाणं कुणाच्या हातात असतं?

आधी थोडी व्यवस्था समजून घेऊ. एपिस्कोपल चर्च म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चची अमेरिकन शाखा. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर ती वेगळी झाली. प्रत्येक स्थानिक चर्चला, म्हणजे पॅरिशला, रेक्टर असतो. पैशाअडक्याचा आणि इमारतीचा कारभार व्हेस्ट्री बघते. तिच्यात दोन वॉर्डन असतात, आणि सीनियर वॉर्डन म्हणजे साधारणपणे मंडळाचा अध्यक्ष समजा. संगीताच्या बाबतीत मात्र या चर्चचा कायदा स्पष्ट आहे: अंतिम अधिकार धर्मगुरूचा. त्याने संगीत जाणणाऱ्यांची मदत घ्यावी असंही लिहिलंय, पण शेवटचा शब्द त्याचा.

कागदावर हे सोपं आहे. प्रत्यक्षात मात्र रेक्टरकडे अधिकार असतो, व्हेस्ट्रीकडे पैसा असतो आणि ऑर्गनिस्टकडे विद्या असते. या तिघांचं जमलं तर उपासना रंगते, नाही जमलं तर दर रविवारी थंड युद्ध. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाची एक जरी मीटिंग तुम्ही बसून ऐकली असेल, तर अधिक सांगायला नको.

या त्रिकोणात गायक कुठे बसतो? कुठेच नाही. त्याच्याकडे अधिकार नाही, पैसा नाही, पद नाही. त्याच्याकडे फक्त आवाज आहे.

रेन्सफर्ड, मॉर्गन आणि एक सही

आता न्यूयॉर्कला जाऊ. मॅनहॅटनमध्ये स्टायव्हेसंट स्क्वेअरला लागून सेंट जॉर्जेस हे चर्च उभं आहे. १८८० च्या आसपास त्याची अवस्था वाईट होती. श्रीमंत कुटुंबं शहराच्या उत्तर भागात राहायला गेली होती आणि आजूबाजूला नुकत्याच बोटीतून उतरलेल्या स्थलांतरितांची वस्ती दाटत होती. व्हेस्ट्रीतलं सगळ्यात वजनदार नाव होतं जे. पी. मॉर्गन. हो, तोच बँकवाला.

१८८३ मध्ये विल्यम रेन्सफर्ड या आयरिश वंशाच्या तरुण धर्मगुरूला बोलावलं गेलं. त्याने तीन अटी घातल्या. बाकं भाड्याने देणं बंद करायचं (तेव्हा श्रीमंत घराणी पुढची बाकं विकत किंवा भाड्याने घेत, गरिबांनी मागे बसायचं). व्हेस्ट्री सोडून बाकी सगळ्या समित्या बरखास्त करायच्या. आणि तीन वर्षं दरवर्षी दहा हजार डॉलर त्याच्या हाती द्यायचे, खर्च तो ठरवेल. मॉर्गनने मान्य केलं. पुढच्या काळात या चर्चने वस्तीतल्या लोकांसाठी क्लब, शिकवण्या, मदतकार्य असं बरंच काही उभं केलं. रेन्सफर्ड सुधारक होता, यात शंका नाही. पण त्याची रीत लक्षात ठेवा: समित्या नकोत, अधिकार एका हातात हवा.

१८९४ मध्ये चर्चला बॅरिटोन आवाजाचा सोलो गायक हवा होता. बरेच उमेदवार आले. त्यांत हॅरी थॅकर बर्ली होता, २७ वर्षांचा, काळा. जन्म १८६६, पेनसिल्व्हेनियातलं ईरी गाव. त्याचे आजोबा हॅमिल्टन वॉटर्स गुलाम होते. त्यांनी पैसे भरून स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं होतं. दृष्टी जवळजवळ गेलेली असतानाही ते ईरीच्या रस्त्यांवर दिवे लावायचं काम करत, आणि गुलामीतली गाणी म्हणत. ती गाणी नातवाच्या कानात राहिली. १८९२ मध्ये बर्ली न्यूयॉर्कच्या नॅशनल कन्झर्व्हेटरीत शिकायला आला. त्याच वर्षी चेक संगीतकार आंतोनीन द्वोर्झाक तिथे संचालक म्हणून आला. द्वोर्झाक या तरुणाला घरी बोलवायचा आणि आजोबांची गाणी पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचा. डिसेंबर १८९३ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये द्वोर्झाकची 'न्यू वर्ल्ड' सिम्फनी पहिल्यांदा वाजली, तेव्हा त्या गाण्यांचा वास तिच्यात आहे हे ऐकणाऱ्यांना कळत होतं.

तर या बर्लीला सेंट जॉर्जेसने निवडलं. काळ कुठला, ते बघा. वंशाप्रमाणे वेगळं ठेवणं कायदेशीर ठरवणारा प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन हा निकाल दोनच वर्षांनी, १८९६ मध्ये आला. न्यूयॉर्कमध्ये सेंट फिलिप्स हे काळ्या एपिस्कोपलांचं चर्च १८१८ पासून होतं, पण शहराच्या धर्मप्रांताच्या अधिवेशनात त्याला जागा मिळायला १८५३ उजाडलं होतं. गोऱ्या, श्रीमंत पॅरिशमध्ये काळा सोलोइस्ट ही तेव्हा न ऐकलेली गोष्ट होती.

इथून ती गोड गोष्ट सुरू होते. व्हेस्ट्रीत मतं फुटली, बरोबरीत अडकली, आणि मॉर्गनने निर्णायक मत बर्लीच्या बाजूने टाकलं. कार्यक्रमांच्या निवेदनांत, सीडीच्या माहितीपत्रकांत, फेब्रुवारीतल्या शाळेच्या फलकांवर ती अशीच येते. बँकरचं मोठं मन, आणि उघडलेलं दार.

रेन्सफर्डने पुढे आत्मचरित्रात हा प्रसंग सांगितलाय, आणि त्याचा सूर वेगळा आहे. त्याच्या म्हणण्यानुसार त्याने कॉयरला निर्णय सरळ कळवला. गोंधळ झाला, विरोध झाला. पण कोण बाजूने आणि कोण विरुद्ध हे त्याने मुद्दामच जाणून घेतलं नाही आणि चर्चेला वावच ठेवला नाही. आता विचार करा. चर्चाच नसेल, तर निर्णायक मत कशात पडलं? दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की दुसरी जास्त खरी वाटते, कारण ती रेन्सफर्डच्या १८८३ च्या अटींशी जुळते. हा कायद्याने मिळालेला अंतिम अधिकार होता, आणि या वेळी तो योग्य कामासाठी वापरला गेला.

त्याचं श्रेय मी काढून घेत नाही. पण एका सहीने उघडलेल्या दाराची एक अडचण असते. ते उघडताना मंडळीला काही ठरवावं लागत नाही. आपण या माणसाला का घेतो, त्याचं गाणं आपल्या उपासनेत काय म्हणून येतंय, हा प्रश्न बाकांवर बसलेल्यांनी स्वतःला विचारलाच नाही. त्या प्रश्नाचं उत्तर पुढची ५२ वर्षं एकट्या गायकाला द्यावं लागलं.

सोलो का?

बर्ली १९४६ पर्यंत तिथे गायला. या काळात रेन्सफर्ड, बर्कहेड, रायलंड आणि मकी असे चार रेक्टर झाले. तो आला तेव्हा ऑर्गनवर विल्यम चेस्टर होता. शेवटी जॉर्ज केमर. मॉर्गन १९१३ मध्ये गेला, आणि त्याच्या अंत्यविधीला याच चर्चमध्ये बर्लीच गायला. दरवर्षी झावळ्यांच्या रविवारी फोरचं 'द पाम्स' हे गाणं तो म्हणायचा, आणि लोक ते ऐकायला दुरून यायचे. रेक्टर बदलले, ऑर्गनिस्ट बदलले, व्हेस्ट्री बदलली. त्या पॅरिशचा आवाज कोणता, असं विचारलं तर उत्तर अर्धशतक एकच होतं. तरी त्याचं पद पहिल्या दिवशी होतं तेच शेवटच्या दिवशी: सोलोइस्ट.

चर्चबाहेर त्याचं वजन मोठं होतं, हेही सांगायला हवं. रिकॉर्डी या प्रकाशन संस्थेच्या न्यूयॉर्क कचेरीत तो संपादक होता. संगीतकारांच्या हक्कांसाठी १९१४ मध्ये ॲस्कॅप ही संस्था उभी राहिली, तिच्या आरंभीच्या सभासदांत तो होता. पंचवीस वर्षं तो टेंपल इमॅन्युएल या सिनेगॉगमध्येही गायला. आणि १९१६-१७ पासून त्याने स्पिरिच्युअल गाण्यांची जी रूपं छापली, त्यांनी अमेरिकन गायनाचा रस्ता बदलला.

त्यातलं 'डीप रिव्हर' ऐका. मूळ गाणं गुलामांच्या समूहाचं, नदीपलीकडच्या मुक्कामाची आस असलेलं. बर्लीने ते एका आवाजासाठी आणि पियानोसाठी बांधलं. खाली पियानोचे दाट, सरकते सूर. वर आवाज संथ, घाई नसलेला, प्रत्येक ओळ पूर्ण होऊ देणारा. शूबर्टचं गाणं ज्या अदबीने म्हणतात, त्याच अदबीने हे म्हणायचं. त्याने या गाण्यांसोबत एक टीपही छापली. तिचा आशय असा, की या गाण्यांत आवाजापेक्षा भाव मोठा, आणि काळ्या लोकांची नक्कल म्हणून टाळ्या वाजवत डोलत ती म्हणू नयेत. चेहऱ्याला काळं फासून हसवणारे मिन्स्ट्रेल खेळ तेव्हा जोरात चालत होते. ती टीप म्हणजे एक कुंपण होतं: माझ्या आजोबांच्या गाण्याची चेष्टा करायची नाही.

पण या कुंपणावर आतूनही टीका झाली. झोरा नील हर्स्टनने १९३४ मध्ये, नॅन्सी क्युनार्डच्या 'नीग्रो' या ग्रंथात, या बांधीव गाण्यांना वेगळ्या खणात टाकलं आणि बर्लीचं नावही घेतलं. तिचं म्हणणं थोडक्यात असं: खरं स्पिरिच्युअल समूहात जन्मतं, दर वेळी नवं होतं, त्यातले स्वर एकमेकांवर आदळतात, आणि ते आदळणंच त्याचं सौंदर्य आहे. मंचावर गायलं जातं ते चांगलं संगीत असेल, पण ते स्पिरिच्युअल नाही. जात्यावरची ओवी भावगीत होऊन रेडिओवर आली की आपल्याकडेही हाच वाद होतो, आणि त्यात दोन्ही बाजूंना मान डोलवावीशी वाटते.

हर्स्टनचं निरीक्षण मला बरोबर वाटतं. तिने कारण मात्र अर्धंच पाहिलं असं वाटतं. बर्लीने ही गाणी सोलो का केली? शिकलेला होता, युरोपीय गाण्याची ओढ होती, हे खरंच. पण त्याच्या नोकरीकडे बघा. गोऱ्या कॉयरसमोर उभा असलेला तो एक काळा माणूस. समूह त्याने आणायचा कुठून? हर्स्टन ज्या गाण्याबद्दल बोलते, त्याला एकमेकांना ओळखणारे, एकच दुःख माहीत असलेले वीस-पंचवीस गळे लागतात. सेंट जॉर्जेसने एकच गळा आत घेतला होता. म्हणून 'डीप रिव्हर'चा सोलो मला निव्वळ आवडीचा प्रश्न वाटत नाही. एकट्यालाच आत घेतलेल्या माणसाच्या जागेचाच तो आकार आहे. तो एकटेपणा त्याने लपवला नाही, त्याचं त्याने शिल्प केलं, हे त्याचं मोठेपण. पण ते शिल्प बघून आपण मॉर्गनला धन्यवाद देत बसतो, तेव्हा तो एकटेपणा आपल्याला ऐकूच येत नाही.

१९२४ मध्ये, त्याच्या तिसाव्या वर्षी, चर्चने केमरच्या नेतृत्वाखाली स्पिरिच्युअल गाण्यांची एक खास सांजउपासना सुरू केली. ती दरवर्षी होऊ लागली, गर्दी व्हायची. आता कॉयरही ही गाणी म्हणत होता. एक पाऊल पुढे, नक्कीच. पण वर्षातून एकदा. आपल्याला हा प्रकार चांगला ओळखीचा आहे: ऑफिसात दिवाळीच्या शुक्रवारी समोसे, एचआरचा ईमेल, कुर्ता घालून या. त्या दिवशी सगळे प्रेमाने वागतात. शनिवारी रांगोळी पुसलेली असते.

पूर्व नाही, पश्चिम नाही

आता ५२९ क्रमांकाकडे परत येऊ.

हे गीत जॉन ऑक्सनहॅमने लिहिलं. हेही टोपणनाव, खरा माणूस विल्यम डंकर्ली. १९०८ मध्ये लंडन मिशनरी सोसायटीने लंडनमध्ये 'द ओरिएंट इन लंडन' हे भव्य प्रदर्शन भरवलं होतं. त्यात 'डार्कनेस अँड लाइट' नावाचा एक संगीतमय देखावा होता, त्यासाठी ऑक्सनहॅमने शब्द लिहिले. देखाव्याला चार दिशांचे चार प्रवेश. उत्तरेचा, दक्षिणेचा, पश्चिमेचा, आणि पूर्वेचा. पूर्वेच्या प्रवेशात काय होतं? भारत, आणि सती.

मला हे कळलं तेव्हा मी थोडा वेळ खुर्चीत मागे टेकून बसले. 'पूर्व नाही, पश्चिम नाही' म्हणणारं गीत ज्या खेळातून आलं, त्यात पूर्व म्हणजे चितेवरची बाई होती. आपणच होतो तिथे, डार्कनेसच्या बाजूला. सती ही काही कुणी रचलेली थाप नव्हती, ते भीषण वास्तव होतं. पण चार दिशांना एक करायच्या आधी त्यांना अंधारात उभं करायचं, मग दिवा आपण आणायचा, ही त्या खेळाची मांडणी होती. त्या एकीचा मालक ठरलेला होता.

या शब्दांना पुढे वेगवेगळ्या इंग्रजी चाली लावल्या गेल्या. मग १९३९ च्या सुमारास, सत्तरी ओलांडलेल्या बर्लीने त्यांच्यासाठी एक जुनं स्पिरिच्युअल घेतलं. फिस्क जुबिली सिंगर्सच्या १८८० च्या दशकातल्या संग्रहात ते छापलेलं आहे. त्या गाण्याचा विषय: देवदूतांनी माझं नाव बदललंय. गुलामाला नाव मालकाने दिलेलं असायचं, विकला गेला की आडनावही बदलायचं. अशा माणसाने 'माझं नाव वरून बदलून आलंय' म्हणणं ही साधी भक्ती नाही.

या चालीत बर्लीने काय केलं आणि काय टाळलं, ते ऐकण्यासारखं आहे. 'डीप रिव्हर'मधला तो दाट पियानो इथे नाही. गायकाने मिरवावं अशी जागा नाही. चार छोट्या ओळी, साधी चाल; दुसऱ्या कडव्यापर्यंत नवखा माणूसही म्हणायला लागतो. मी स्वतः म्हटली, आणि माझा आवाज कसा आहे हे आमच्या श्रोत्यांना माहीत आहे. आयुष्यभर एकट्याने गाणाऱ्या माणसाने म्हातारपणी सोलो बांधला नाही. आजोबांच्या लोकांची चाल त्याने सगळ्या मंडळीच्या तोंडी दिली. आता त्यांनी ऐकायचं नाही, म्हणायचं. आणि ही चाल १९४० च्या एपिस्कोपल गीतपुस्तकात गेली, पुढे १९८२ च्या पुस्तकातही राहिली, इतर अनेक पंथांनी घेतली. म्हणजे तिला खास सांजउपासना लागत नाही. कुठल्याही गावात, कुठल्याही साध्या रविवारी ती येते.

सोलो, मग वर्षातला एक दिवस, मग रोजचं पुस्तक. परक्या घरात आपलं गाणं या तीन पायऱ्यांनी आत येताना मला दिसतं, आणि तिसरी सगळ्यात अवघड. १८९४ च्या सहीने पहिली पायरी दिली. तिसरीपर्यंत बर्ली स्वतः चालत गेला, आणि त्याला ४५ वर्षं लागली. म्हणून गोष्ट मॉर्गनच्या मतापाशी संपवणं मला चुकीचं वाटतं. तिथे तर ती सुरू होते.

शब्दांचंही काहीतरी होतं या चालीवर. लंडनच्या देखाव्यातली ती एकी वरून खाली येणारी होती. तीच वाक्यं गुलामांच्या चालीवर म्हणताना एकीचा पत्ता बदलतो. आता बोलावणारा तो आहे, ज्याला कधी बोलावलं नव्हतं. शब्दांत फरक नाही, पण कुणाच्या घरात आपण जमलोय याचं उत्तर वेगळं येतं.

मग नाव?

या चालीला 'मकी' हे नाव बर्लीनेच दिलं, तेव्हाचे रेक्टर एल्मोर मकी यांच्या सन्मानार्थ. चर्चच्या संगीतात ही प्रथाच आहे. चालींना गावांची, संतांची, मित्रांची नावं देतात. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चिडले होते. नाव बदलण्याच्या गाण्यावरून केलेल्या चालीला शेवटी साहेबाचंच नाव! आता चिडत नाही. नाव देण्याचा हक्क बर्लीने वापरला, आणि ज्याला द्यायचं त्याला दिलं. ती कृतज्ञता खोटी होती असं मी कोण ठरवणार? पाव शतक परदेशात काढलेल्या माझ्या काकांनी त्यांच्या पहिल्या बॉसचा फोटो अजून दिवाणखान्यात ठेवलाय. आम्ही भावंडं त्यावरून हसायचो. आता वाटतं, त्या फोटोत काय काय आहे ते त्यांनाच माहीत.

पण कृतज्ञता ही त्या माणसाची खासगी गोष्ट. इतिहास सांगताना आपण तीच पुढे करायची का? माझा आक्षेप तिथे आहे. आपण इथे वाढलेली, इथे शिकायला आलेली मुलं-मुली आपल्या आईवडिलांची गोष्ट सांगतो, तेव्हा तीही बऱ्याचदा दार उघडणाऱ्याची गोष्ट होते: कुणी व्हिसा दिला, कुणी पहिली नोकरी दिली, कोण प्रोफेसर चांगला निघाला. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत त्यांनी रोज काय बांधलं, कुठलं गाणं कुणाच्या तोंडी दिलं, हे आपण विचारतच नाही. बर्लीची चाल ऐकल्यापासून मी आईला तेच विचारायला लागले आहे. उत्तरं लांब येतात, आणि भांडणंही होतात.

सेंट जॉर्जेस आता स्वतंत्र पॅरिश नाही; १९७६ मध्ये ते शेजारच्या दोन चर्चसोबत एकत्र झालं. बर्ली १९४९ मध्ये गेला. त्याची चाल मात्र नवनव्या रेक्टरांच्या हाताखाली चालूच आहे. संगीताचा अंतिम अधिकार अजूनही त्यांचाच आहे, आणि माझी त्याला हरकत नाही; कुणीतरी ठरवायला हवंच. हरकत आहे ती त्या शेवटच्या पानाला. अधिकार असलेल्यांची यादी म्हणजेच संगीताचं नेतृत्व, असं ते पान सांगतं. सेंट जॉर्जेसच्या बाबतीत ते ५२ वर्षं खोटं होतं.

मैत्रिणीला मी हे सगळं सांगितलं. तिने तालमीनंतर ऑर्गनिस्टबाईंकडे विषय काढला. परवा तिने नव्या पत्रकाचा फोटो पाठवला: चालीच्या नावापुढे आता 'हॅरी बर्ली' असं छापलंय. मी फोटो मोठा करून शेवटचं पानही पाहिलं. एकटीने गायलेल्या त्या बाईंचं नाव अजून नाही. विचारणार आहोत.